जिल्ह्यांची बदललेली नावे आणि आपल्या याद्या: एन-एट-एनमध्ये मूल्ये बदलण्याची रीत

औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, आणि ज्यांच्याकडे सभासदांच्या, विद्यार्थ्यांच्या किंवा ग्राहकांच्या याद्या गूगल शीट्समध्ये आहेत त्या सगळ्यांच्या मागे एक नवे काम लागले. जुनी यादी एकदा हाताने दुरुस्त करून भागत नाही, कारण ऑनलाइन अर्ज भरणारे लोक अजूनही सवयीने जुने नाव लिहितात, कोणी नुसते ‘नगर’ लिहितात, तर कोणी रोमन लिपीत लिहितात. म्हणून हा बदल रोज आपोआप व्हावा अशी व्यवस्था एन-एट-एन (n8n) या वर्कफ्लोच्या, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप पार पाडणाऱ्या साधनात कशी करायची, ते येथे दिले आहे. साधन दुसरे असले तरी पायऱ्या बहुतांशी याच राहतील.

सर्वात आधी एक मोह टाळावा, तो म्हणजे मजकुरातला तुकडा शोधून त्याजागी दुसरा तुकडा घालण्याचा. ‘नगर’ दिसेल तेथे ‘अहिल्यानगर’ घाला असे यंत्राला सांगितले की ते ‘उल्हासनगर’चे ‘उल्हासअहिल्यानगर’ करून मोकळे होते, आणि हा नियम आडनावाच्या रकान्यालाही लागू झाला तर कोणा नगरकरांचे आडनाव रातोरात बदलते. शिवाय अशी अदलाबदल दुसऱ्यांदा चालली की आधीच दुरुस्त झालेले नाव पुन्हा बिघडते: ‘संभाजीनगर’च्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’ घालणारा नियम दुसऱ्या दिवशी ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ लिहून ठेवतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला साचा शोधण्याच्या सूत्रात, शब्दाच्या सीमेचे चिन्ह घातले की प्रश्न सुटेल असे वाटते, पण जावास्क्रिप्टमधले ते चिन्ह फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांनाच शब्दाचा भाग मानते, त्यामुळे देवनागरीत त्याचा काहीच भरवसा नाही.

खात्रीची रीत म्हणजे रकान्यातले पूर्ण मूल्य जुळले तरच बदलणे आणि कशाचे काय करायचे ते वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवणे. त्याच शीटमध्ये ‘नावे’ नावाचा टॅब करून त्यात राज्य, आलेले नाव आणि प्रमाण नाव असे तीन रकाने ठेवावेत. ‘औरंगाबाद’, ‘संभाजीनगर’, ‘छ. संभाजीनगर’ आणि रोमन लिपीतील रूपे अशा प्रत्येक रूपाला एक ओळ द्यावी. अहमदनगरची रोमन स्पेलिंगे किमान दोन प्रचारात आहेत, तीही घ्यावीत. याच तक्त्यात महाराष्ट्राच्या ३६ही जिल्ह्यांची प्रमाण नावे स्वतःपुढे स्वतःच लिहून टाकावीत, म्हणजे ‘सातारा’पुढे ‘सातारा’. हे वेडगळ वाटेल, पण त्यामुळे वर्कफ्लो कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच राहतो आणि तक्त्यात जे सापडत नाही ते खरोखरच अनोळखी आहे हे ठामपणे म्हणता येते.

राज्याचा रकाना उगाच घातलेला नाही. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि त्याचे नाव बदललेले नाही. यादीत राज्य नसेल तर पिनकोडवरून ते भरून घ्यावे: महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात, बिहारमधल्या औरंगाबाद शहराचा पिन ८२४१०१ आहे. मात्र ४०३ने सुरू होणारे पिन गोव्याचे असतात, ते आधी वेगळे काढावेत.

आता वर्कफ्लो. त्यातल्या प्रत्येक पायरीला नोड म्हणतात. पहिला गूगल शीट्स नोड मूळ यादीच्या ओळी वाचेल, दुसरा ‘नावे’ हा टॅब वाचेल. पहिल्याच्या पुढे एडिट फील्ड्स नोड लावून त्यात जिल्ह्याच्या नावावरून ‘किल्ली’ नावाचे नवे फील्ड तयार करावे: पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढलेले, रोमन असल्यास लहान अक्षरांत आणलेले आणि युनिकोडच्या एनएफसी रूपात (एक अक्षर नेहमी एकाच पद्धतीने साठवणाऱ्या रूपात) बसवलेले. या शेवटच्या गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ काही कळफलक एकाच वर्णाने लिहितात, तर काही ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन वर्णांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. तक्त्यातल्या आलेल्या नावांवरही हाच संस्कार करावा. या नोडमध्ये ‘इन्क्लूड अदर इनपुट फील्ड्स’ हा पर्याय चालू करायला विसरू नये, नाहीतर पुढे फक्त किल्ली जाते आणि बाकीचे रकाने गळतात.

दोन्ही प्रवाह मर्ज नोडमध्ये आणून राज्य आणि किल्ली या दोन फील्डांवर जुळवावेत आणि निकालाचा प्रकार ‘एन्रिच इनपुट १’ ठेवावा. त्यामुळे यादीतली प्रत्येक ओळ टिकते आणि जेथे जुळणी होते तेथेच प्रमाण नाव जोडले जाते. तक्त्यात एकच रूप चुकून दोनदा लिहिले गेले तर ओळीही दुप्पट होऊ शकतात, म्हणून एकाहून अधिक जुळण्यांसाठी फक्त पहिली घेण्याचा पर्याय निवडावा. त्यापुढे एकापाठोपाठ दोन इफ नोड लावावेत. प्रमाण नाव मिळाले नसेल तर ती ओळ ‘तपासणी’ टॅबमध्ये जाईल, मिळाले असून जुन्यापेक्षा वेगळे असेल तरच ती लिहिण्याच्या नोडकडे जाईल.

लिहिताना हात आखडता ठेवावा. अपडेट करताना जुळणीसाठी सभासद क्रमांक वापरावा. ओळीचा क्रमांक वापरला आणि मधल्या वेळेत कोणी शीट क्रमवार लावले, तर नाव भलत्याच माणसाच्या ओळीत जाऊन बसते. आणि पाठवायचे ते फक्त सभासद क्रमांक आणि जिल्हा. सगळे रकाने परत लिहिले तर शून्याने सुरू होणारे खातेक्रमांक शीट्सने संख्या समजून छाटण्याचा धोका असतो.

चाचणी शीटच्या प्रतीवर घ्यावी. वाचलेला डेटा नोडवर पिन करून, म्हणजे गोठवून ठेवला की प्रत्येक वेळी शीट नव्याने वाचावे लागत नाही. शेवटी पिन काढून वर्कफ्लो लागोपाठ दोनदा चालवावा. दुसऱ्या वेळी लिहिण्याच्या नोडकडे एकही ओळ गेली नाही, तरच तो रोजच्या वेळापत्रकावर टाकावा.

जारी झालेल्या पावत्या, दाखले आणि न्यायालयीन संदर्भ यांतली जुनी नावे मात्र बदलू नयेत. ‘औरंगाबाद खंडपीठ’ असा ज्या निकालाचा उल्लेख आहे तो तसाच शोधला जाणार आहे. अशा नोंदी असलेल्या यादीत मूळ रकाना अबाधित ठेवून प्रमाण नाव शेजारच्या नव्या रकान्यात लिहावे, आणि ‘तपासणी’ टॅब आठवड्यातून एकदा पाहून तेथे आलेली नवी रूपे तक्त्यात भरावीत.