भिंतीवरचा कोळी, खिडकीतली मांजर: जवळून फोटो कसे काढावेत

जाळ्यात बसणारे बहुतेक कोळी कॅमेऱ्याची दखल घेत नाहीत. उडी मारणारा कोळी मात्र अख्खं अंग वळवून समोर येतो आणि बघतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी बाजूचे डोळे हालचाल टिपतात आणि समोरचे दोन मोठे डोळे ती वस्तू निरखतात. त्यामुळे त्याचा फोटो हा चेहऱ्याचा फोटो असतो. त्या दोन डोळ्यांत धार नसेल तर पाय आणि केस कितीही सुरेख आले तरी फोटो बाद. मांजरीलाही हाच नियम लागू आहे. फरक उजेडाचा: कोळ्याला फ्लॅश लागतो, मांजरीला खिडकी. कॅमेरा आणि लेन्स दोघांना एकच चालते.

कोणता कोळी, केव्हा

सुरुवात घरातूनच करा. दिवसा भिंतीवर थांबत-धावत फिरणारा करडा, चपटा कोळी बहुधा मेनेमेरस बिव्हिटाटस असतो. काळ्या अंगावर ठळक पांढरे पट्टे असलेला, जरा दांडगा दिसणारा तो प्लेक्सिपस पेकुलीचा नर. त्याची मादी तपकिरी असते. दोन्ही जाती साधारण १० मिमीच्या. गॅलरीतल्या कुंड्यांत किंवा बागेत फिकट पिवळ्या पोटावर दोन तांबडे पट्टे दिसले तर ती टेलामोनिया डिमिडिआटाची मादी. कोकणात आणि गोव्यात आंब्याची पानं जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास त्यांच्यासारखाच दिसणारा एक कोळी फिरतो. पाय मोजा, आठ भरले तर तो कोळी.

हे कोळी रात्री पानामागे किंवा फटीत रेशमाची पिशवी विणून तिच्यात झोपतात आणि ऊन चढलं की कामाला लागतात. सकाळी नुकता बाहेर आलेला कोळी अजून सुस्त असतो, ती वेळ गाठा. दुपारी तो एका जागी ठरत नाही. हात बसेपर्यंत पावसाळ्यातल्या कुंपणावर जाळ्याच्या मधोमध इंग्रजी एक्ससारखे पाय पसरून बसलेली आर्जिओपे किंवा फुलात दबा धरलेला खेकड्यासारखा कोळी घ्या. दोघंही तासन्‌तास जागचे हलत नाहीत. घराच्या कोपऱ्यातला लांब काड्यांसारख्या पायांचा फोल्कस जाळ्याला धक्का लागताच गरागरा हलायला लागतो. तो थांबेपर्यंत शटर दाबू नका.

लेन्स

१:१ म्हणजे १० मिमीचा कोळी सेन्सरवरही १० मिमीच पडतो. बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत असणारा एपीएस-सी सेन्सर सुमारे २३ मिमी रुंद असतो, म्हणजे कोळी चौकटीच्या निम्म्याहून कमी जागा व्यापेल. पूर्ण अंगासाठी हे पुरेसं आहे. चेहरा भरून हवा असेल तर २:१ पर्यंत, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट आकारापर्यंत जावं लागतं.

९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, असेल तर उत्तमच. नसेल तर घरात पडून असलेल्या ५५-२५० मिमीसारख्या झूम लेन्सवर पुढून बसणारी क्लोज-अप लेन्स घ्या. रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचं माप) आहे आणि तिच्या चिमट्याची पकड ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर-थ्रेडवर बसते. हिशोब सोपा आहे. ८ डायॉप्टर म्हणजे १२५ मिमी फोकल लेंग्थ. झूम २५० मिमीवर आणि फोकस अनंतावर ठेवला की २५० भागिले १२५, म्हणजे २:१. कोळी लेन्सपासून जेमतेम १२ सेंमीवर येतो. डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची, त्याच झूमवर ती १.२:१ देते आणि अंतर २० सेंमीच्या आसपास राहतं. बुजरा कोळी आणि मांजरीचा डोळा, दोन्हींसाठी आम्ही १५० ला कौल देऊ. झूम मागे घेतला तर चौकटीचे कोपरे काळे पडतात, तो दोष लेन्सचा नव्हे. झूम पुढे ढकला.

५० मिमीची लेन्स उलटी लावणारी रिव्हर्स रिंग सगळ्यात स्वस्त आहे, पण उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो आणि अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) हाताने सांभाळावं लागतं. अॅपर्चरची वेगळी कडी असलेली जुनी लेन्स मिळाली तर हा त्रास उरत नाही.

डिफ्युझर: इथे वेळ घाला

कोळ्याचा डोळा गोल, काळा आणि चकचकीत असतो. त्यात फ्लॅशचं प्रतिबिंब जसंच्या तसं उमटतं. उघड्या फ्लॅशचा तिथे जळका पांढरा ठिपका होतो, पाठीवरचे केस चमकून तपशील जातो आणि सावली काळीकुट्ट पडते. उपाय एकच: उजेडाचं तोंड मोठं करा आणि ते कोळ्याच्या जवळ आणा. डिफ्युझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारं आवरण, हेच करतो.

एक जाड कार्डशीट, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खोक्यात येणारा १ मिमीचा पांढरा फोम, ट्रेसिंग पेपर, दुहेरी टेप आणि वेल्क्रोची पट्टी, एवढं सामान लागतं. कार्डशीटचं नरसाळं करायचं: मागचं तोंड फ्लॅशच्या डोक्याएवढं, म्हणजे साधारण ७ गुणिले ५ सेंमी, पुढचं २० गुणिले १४ सेंमी. लांबी अशी ठेवा की पुढचं तोंड लेन्सच्या टोकापुढे ३-४ सेंमी येईल आणि तिथे खाली, कोळ्याकडे झुकेल. आतून फॉइल चिकटवा. फ्लॅशपासून ६-७ सेंमीवर, वाटेत मधोमध, ५ सेंमीचा चौकोनी फोमचा तुकडा आडवा लावा आणि मग पुढच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवा. दोन थरांमध्ये मोकळी जागा असलीच पाहिजे. एकमेकांना चिकटलेले दोन थर उजेड फक्त कमी करतात, पसरवत नाहीत. पुढचा थर सपाट न ठेवता किंचित फुगीर ठेवलात तर उजेड कोळ्याच्या दोन्ही बाजूंनी उतरतो.

चाचणीसाठी मंगळसूत्राच्या काळ्या पोतीतला एक मणी पानावर ठेवा आणि फोटो काढून पूर्ण मोठा करून बघा. मण्यात एकसारखा पांढरा पट्टा दिसला तर काम झालं. मध्ये झगझगीत डाग आणि कडेला करडा रंग दिसला तर आतला फोमचा तुकडा दुहेरी करा. उजेड एका बाजूलाच दिसला तर नरसाळं वाकडं बसलंय. हा मणी कोळ्याआधी सगळं सांगतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

गोडॉक्स टीटी३५० सारखा छोटा फ्लॅश इथे बरा पडतो. मोठ्या फ्लॅशवर पुढे एवढं वजन आलं की त्याचं डोकं खाली झुकतं किंवा हॉट-शू (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) ढिला होतो. नरसाळ्याला लेन्सवर वेल्क्रोचा आधार द्या. कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश वापरत असाल तर लेन्सचं हुड आधी काढा, नाहीतर फोटोच्या खालच्या भागात त्याची अर्धगोल सावली पडते.

आकडे

मॅन्युअल मोड, शटर १/२००, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण ताकदीच्या १/१६, फाइल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली). अॅपर्चर १:१ साठी एफ/११, २:१ साठी एफ/८; आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. फ्लॅश कमी ताकदीवर असला की त्याची झळक फारच थोडा वेळ टिकते, आणि हाताचा कंप शटरमुळे नव्हे तर या झळकेमुळे गोठतो. पूर्ण ताकदीवर ती लांबते आणि दोन फोटोंमध्ये थांबावंही लागतं. उजेड कमी पडला तर ताकद वाढवण्याआधी आयएसओ वाढवा.

एफ/२२ लावून सगळा कोळी धारदार करायचा मोह होतो. त्याने सगळाच फोटो मऊ पडतो, कारण फार बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो, आणि १:१ वर खरा एफ-आकडा लावलेल्या आकड्याच्या दुप्पट असतो: एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२२, आणि एफ/२२ म्हणजे एफ/४४. धार मिळते तो पट्टा किती पातळ असतो तेही लक्षात घ्या. एपीएस-सीवर १:१ आणि एफ/११ ला तो सुमारे ०.९ मिमी असतो. २:१ आणि एफ/८ ला पाव मिमी. म्हणून सेन्सर आणि कोळ्याचा चेहरा समांतर हवेत. थोडं जरी तिरकं झालं तरी एक डोळा धारेत आणि दुसरा धूसर.

फोकस आणि हात

ऑटोफोकस बंद. हवं तेवढं मॅग्निफिकेशन लावून ठेवा आणि फोकसची कडी न फिरवता शरीरच केसभर पुढेमागे करा. डोळ्यांवर धार आली की शटर. कोळी पानावर किंवा काडीवर असेल तर ती डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरा आणि लेन्सचं टोक त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. मग पान आणि लेन्स एकत्र हलतात आणि कंप जवळजवळ नाहीसा होतो. याचा सराव पानावर ठेवलेल्या मोहरीच्या दाण्यांवर करा. दहापैकी सहा-सात दाणे धारदार यायला लागले की कोळ्याकडे वळा.

भिंतीवरच्या कोळ्याचा फोटो वरून काढला की नुसती पाठ येते. डोकं भिंतीला लावा, लेन्स भिंतीशी समांतर आणा आणि त्याच्या समोरून बघा. डिफ्युझरची कड भिंतीला अडते. नरसाळं फिरवून तोंड भिंतीच्या उलट बाजूला आणा. फ्लॅश ऑटोवर असेल तर पांढरी भिंत करडी येते, तेव्हा उजेड २/३ ते १ स्टॉप वाढवा (१ स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

कोळी समोर येत नसेल तर लेन्सच्या कडेला बोट हळूच हलवा, तो तिकडे वळतो. भिंतीवरून काडीवर घ्यायचा असेल तर जलरंगाचा मऊ ब्रश मागून अलगद धरा आणि काडी पुढे ठेवा, तो आपणहून चढेल. चिमटीत कधीच पकडू नका, पाय तुटतात. काडीवर तो वरच्या टोकाकडे जातो. टोकाला पोचला की काडी उलटी करा, तो पुन्हा वर निघतो आणि टोकाशी क्षणभर थांबून अंदाज घेतो. फोटो त्या थांब्यातच मिळतो. खाली पांढरं कापड पसरून ठेवा. तो उडी मारण्याआधी धागा चिकटवतो, त्यामुळे खाली पडला तरी बहुधा धाग्याला लटकलेला सापडतो.

डोळ्यांचा रंगही बघत राहा. मोठ्या डोळ्यांच्या आतला पडदा हलतो. कोळी थेट तुमच्याकडे बघत असताना डोळे गर्द काळे दिसतात, नजर दुसरीकडे गेली की फिकट तपकिरी होतात. काळ्या डोळ्यांची फ्रेम ठेवा.

कोळी स्थिर करायला त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो करू नका. गारठलेल्या कोळ्याचे पाय अंगाखाली दुमडलेले असतात, ते जाणत्याला लगेच कळतं, आणि मुळात ही त्या जिवाशी केलेली क्रूरता आहे. अंड्यांच्या पिशवीवर बसलेल्या मादीला हलवू नका. दहा-पंधरा मिनिटांत काम झालं नाही तर जिथून उचलला तिथे सोडा. या सगळ्या वेळात मांजर दुसऱ्या खोलीत असावी. काडीवरून उडालेला कोळी ती क्षणात गट्टम करते.

मागची बाजू काळी पडते कारण फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने घटतो. कोळ्यामागे ५-६ सेंमीवर एक हिरवं पान धरलं की काम होतं. स्थिर बसलेल्या कोळ्याचे ५ ते १० फोटो फोकस केसभर सरकवत काढून ते हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतात, त्याला स्टॅक करणं म्हणतात. मध्येच पाय हलला तर तिथे दुहेरी कडा येते. ती फ्रेम वगळा.

मांजर

आता फ्लॅश काढून ठेवा. मांजरीच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे समोरचा फ्लॅश हिरवा-पिवळा होऊन परत येतो. निळ्या डोळ्यांच्या मांजरीत बहुधा लाल. शिवाय २० सेंमीवरून तोंडावर फ्लॅश मारणं तिला त्रासाचं आहे. अगदीच लागला तर पांढऱ्या छतावर मारा.

खिडकीपासून मीटर-दीड मीटर आत, उजेड बाजूने येईल अशी जागा निवडा. उन्हात बाहुली बारीक फट होते, मंद उजेडात मोठी आणि गोल. कुठला भाव हवा त्यावर अंतर ठरवा. जमिनीवर पालथे पडा, लेन्स तिच्या डोळ्यांच्या रेषेत. बसलेल्या मांजरीला १/२५०, खेळणारीला १/१०००, एफ/२.८ ते ४, आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त. फोकस जवळच्या डोळ्यावर. काळ्या मांजरीला कॅमेरा करडी करतो, तिथे २/३ ते १ स्टॉप कमी करा. पांढरीला तेवढंच वाढवा.

नुसत्या बुबुळाचा फोटो हवा असेल तर ती पेंगत असताना, डोकं उशीवर टेकलेलं असताना, डीसीआर-१५० लावून बाजूने काढा. एफ/८, १/२५०. बाजूने बघितलं की बुबुळापुढचा पारदर्शक घुमट वेगळा दिसतो. नेहमीची चूक म्हणजे त्या घुमटावरच्या खिडकीच्या प्रतिबिंबावर फोकस बसणं. धार बुबुळाच्या रेषांवर हवी. मिशांना लेन्स लागू देऊ नका, ती लगेच उठून जाते.

फोटो टाकताना

लांब बाजू २०४८ पिक्सेल करा आणि शार्पनिंग आकार बदलल्यानंतर द्या. कोळ्याच्या फोटोसोबत गाव, तारीख, कोळ्याची मिमीमधली लांबी आणि तो कशावर होता ते लिहा. ओळख पटवायला नुसता चेहरा पुरत नाही, पाठीचा आणि बाजूचा फोटोही जोडा. तरीही बऱ्याच जाती फोटोवरून ठरत नाहीत, तज्ज्ञांना कोळी सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. तिथे फक्त कुळाचं नाव लिहिणं प्रामाणिकपणाचं. जागेची नोंद मात्र कधीच सोडू नका. २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलेला इसियस तुकारामी हा उडी मारणारा कोळी २०२१ मध्ये विज्ञानाला नवीन म्हणून नोंदला गेला, तो ठाणे-कल्याण परिसरातलाच. फोटो स्टॅक केलेला असेल, कोळी हलवून काडीवर घेतलेला असेल, तर तेही ओळीत लिहा: मॅग्निफिकेशन, अॅपर्चर, फ्रेम किती, जागा मूळची की बदललेली.