उद्या किती लाद्या? संख्याशास्त्र शिकायची एका बेकरीवाल्याची वाट

साताऱ्यात आमची बेकरी आहे. पहाटे साडेपाचला वडापावच्या गाड्यांना पावाच्या लाद्या पोचवाव्या लागतात, म्हणून रोज रात्री नऊला एकच प्रश्न: उद्या किती? अण्णा, म्हणजे माझे वडील, छताकडे बघून आकडा सांगायचे. मी बी.कॉम. झालेला, मी सरासरी काढायला लागलो आणि अण्णांपेक्षा जास्त तोटा करून दाखवला.

मग संख्याशास्त्राच्या एका क्लासला पैसे भरले. तीन तास फळ्यावर नुसते सिग्मा आणि इंटिग्रल. चौथ्या तासाला मी गेलो नाही. पुढे जे काही शिकलो ते धंद्यातला एकेक प्रश्न धरून, आणि दुकान चालवून शिकणाऱ्याला मी हीच वाट सांगेन. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून खाली गोल करून दिलेत.

पहिला महिना कुठलंही सूत्र शिकू नका, वही नीट करा. तारीख, वार, किती भाजलं, किती गेलं, किती परत आलं, एवढं बहुतेकजण लिहितात. एक रकाना वाढवा: माल संपला तर किती वाजता संपला. 200 लाद्या केल्या आणि 200 गेल्या, तर मागणी 200 होती असं आपण धरून चालतो. पण त्या सातलाच संपल्या असतील तर नंतर आलेले लोक वहीत कुठेच नाहीत. याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात. मी ढोबळ उपाय करतो. माल उरला अशा दिवशी सातपर्यंत साधारण 80 टक्के विक्री झालेली असते. म्हणजे सातला 200 संपल्या त्या दिवशीची मागणी 250च्या आसपास धरायची. नेमक्या पद्धती पुस्तकांत आहेत, पण हा रकानाच नसेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

आता मूळ प्रश्न. एक लादी करायला 14 रुपये लागतात, विकते 20ला. उरली तर वाळवून चुरा करतो, त्याचे 2 रुपये सुटतात. म्हणजे लादी कमी पडली तर 6 रुपये गेले, जास्त झाली तर 12 गेले. आधी हे दोन आकडे कागदावर लिहा. कमी पडल्याचा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज: 6 भागिले 18, म्हणजे एक तृतीयांश. मागच्या 30 मंगळवारांची मागणी चढत्या क्रमाने लावा आणि दहाव्या ओळीतला आकडा घ्या. मंगळवारी तेवढ्याच लाद्या भाजायच्या. माझी सरासरी 212 होती, दहावी ओळ 196. मी दर मंगळवारी 16 लाद्या जास्त करत होतो आणि वर हिशेब चोख ठेवल्याचा अभिमान बाळगत होतो! पेस्ट्रीचं उलटं. खर्च 30, विक्री 75, उरली तर शून्य. 45 भागिले 75, म्हणजे अठरावी ओळ. तिथे थोडा हात सैल सोडायचा.

याला न्यूजव्हेंडर मॉडेल म्हणतात, कारण शिळ्या पेपरचंही असंच असतं. मी हे अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "गाडीवाला रिकाम्या हाती परत गेला तर उद्या तो दुसऱ्या भट्टीवर जाईल. त्याचे पैसे कुठे धरलेस?" बरोबर होतं. ती नाराजी लादीमागे 6 रुपयांची धरली, तर कमी पडल्याचा तोटा 12 होतो, 12 भागिले 24, आणि आकडा पंधराव्या ओळीवर जातो. आता आमचं भांडण लाद्यांवर होत नाही, नाराजी 6ची की 4ची यावर होतं. ते भांडण जास्त कामाचं आहे.

तिसरी पायरी प्रयोगाची. मैदा बदलायचा होता. नवा महाग, पण त्यात चपटे-फाटके पाव कमी निघतात असा विक्रेत्याचा दावा. एक आठवडा जुना, एक आठवडा नवा असं करू नका, मधेच हवा बदलते, आणि कारागीर सुट्टीवर गेला की संपलंच. एकाच दिवशी, एकाच भट्टीत, दोन घाणे जोडीने काढा, एक जुन्या मैद्याचा, एक नव्याचा, आणि पहिला कुठला ते नाणं उडवून ठरवा. आठ दिवसांत शंभर पावांमागे वाचलेले खराब पाव असे आले: 3, 1, 4, उणे 1, 2, 5, 0, 2. सरासरी 2, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप) 2. ते 8च्या वर्गमुळाने भागलं की 0.71. थोड्या नोंदींसाठी टी-तक्ता असतो, त्यात आठ नोंदींसाठी 2.365 मिळतो, गुणाकार 1.67. तो सरासरीतून वजा करा आणि सरासरीत मिळवा. म्हणजे खरा फायदा 0.33 ते 3.67च्या दरम्यान असावा, 95 टक्के खात्रीने.

शून्य या पट्ट्यात नाही, म्हणून पुस्तक म्हणेल 'सिग्निफिकंट', म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा वाटत नाही. पण नवा मैदा परवडायला शंभरामागे निदान 1 पाव वाचायला हवा, आणि 1 तर पट्ट्याच्या आतच आहे! फरक आहे हे कळलं, परवडतो का ते कळलं नाही. मी आणखी आठ दिवस जोड्या काढल्या, मग ऑर्डर दिली. पी-व्हॅल्यूवर, म्हणजे 'सिग्निफिकंट' आहे की नाही एवढं ठरवणाऱ्या आकड्यावर, थांबणाऱ्यांशी माझं हे एकच भांडण आहे.

गंमत म्हणजे हा टी-तक्ता आमच्याच जातकुळीतला. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला होता, त्याच्या हाताशी थोडेच नमुने असायचे. 1908 साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने ही पद्धत छापली. आणि सर्वेक्षणातल्या नमुना निवडीवर ज्यांचं काम जगभर वापरलं गेलं ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांचा विषयाकडे बघायचा सूर जरा मऊ झाला.

रिग्रेशनला, म्हणजे कुठल्या गोष्टीने मागणी किती बदलते ते काढायच्या पद्धतीला, सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण फसायला तिथेच होतं. मी पाऊस पडला तर 1, नाही तर 0 असा रकाना केला. उत्तर आलं: पावसाने लाद्यांत फरक पडत नाही. आमच्या पोऱ्यालाही हे पटेना. कारण सरळ होतं. आडवारी पाऊस पडला की गाडीवर कोणी थांबत नाही, 12 लाद्या कमी. शनिवार-रविवारी पाऊस पडला की पुण्याकडची मंडळी ठोसेघरचा धबधबा बघायला येतात, 30 लाद्या जास्त. पाच दिवसांचे उणे साठ, दोन दिवसांचे अधिक साठ, बेरीज शून्य. पाऊस आणि शनिवार-रविवार यांच्या गुणाकाराचा वेगळा रकाना घातला, तेव्हा दोन्ही गोष्टी दिसल्या. याला इंटरॅक्शन म्हणतात. असा रकाना कुठे हवा हे संगणक आपणहून सांगत नाही, गाडीवाल्याशी बोलावं लागतं.

दुसरा खड्डा पंचांगाचा. मागच्या ऑगस्टवरून हा ऑगस्ट काढू नका. गणेश चतुर्थी 2023 साली 19 सप्टेंबरला होती, 2024 साली 7 सप्टेंबरला, 2025 साली 27 ऑगस्टला. 2023मध्ये तर अधिक श्रावणही होता. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी यांचे रकाने मी कालनिर्णय समोर ठेवून हाताने भरतो.

साधनांचं फार मनावर घेऊ नका. पर्सेंटाइल (वरची 'ओळ' काढायला), टी.टेस्ट आणि लाइनेस्ट (रिग्रेशनला) ही तीन फंक्शनं एक्सेलमध्ये आहेत (टी.टेस्टमध्ये शेवटचा आकडा 1 दिला की जोड्यांची चाचणी होते). रिग्रेशन वाढलं की आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. व्हिडिओ हवेत तर स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिकायच्या साइटांवर भरपूर आहेत. टाइम सिरीज (काळानुसार बदलणारे आकडे), बेज (नवी माहिती आली की अंदाज सुधारत जायची पद्धत) वगैरे नंतर. मी अजून बेजच्या पहिल्याच प्रकरणात आहे.

आजही रात्री नऊला शीट उघडतो. आकडा येतो, तो अण्णांना सांगतो. ते छताकडे बघतात आणि म्हणतात, "पाच वाढव." ते पाच मी वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतो. गेल्या 60 दिवसांत 34 वेळा ते बरोबर निघालेत, आणि 60पैकी 34 हे नुसत्या नाणेफेकीतही येऊ शकतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.