कंबरेची कळ पायात उतरते तेव्हा: फिजिओथेरपिस्टची पहिली तपासणी

आमच्या ओपीडीत रुग्ण खुर्चीत बसायच्या आधी एमआरआयचं पाकीट टेबलावर येतं. इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, पाकीट बाजूला ठेवा, आधी माणूस तपासा. रिपोर्ट सगळ्यात शेवटी वाचायचा.

त्याला भक्कम कारण आहे. २०१५ मध्ये ब्रिंजिक्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० जणांचे स्कॅन पाहिले. यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्क, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या, झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत ६० टक्के लोकांना डिस्क बल्ज (गादी बाहेर फुगलेली) होता, ऐंशीत ८४ टक्के. भाजीचा गाळा चालवणाऱ्या बावन्न वर्षांच्या मावशींच्या रिपोर्टात ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलेली) असेल, तर तेवढ्यावरून त्यांच्या पायातली कळ तिथूनच येते असं ठरत नाही. पण रिपोर्ट आधी वाचला की आपले हात नकळत तेच शोधायला लागतात, आणि मग तपासणी उरत नाही.

सुरुवात बोलण्यापासून करा. “मावशी, कळ कुठून निघते आणि कुठे थांबते, बोटाने दाखवा.” बोट गुडघ्याच्या खाली गेलं की कान टवकारायचे. चमक, मुंग्या, बधिरपणा, ठणका यांतलं त्या जे म्हणतील तेच फाइलमध्ये लिहा, आपल्या पुस्तकी शब्दात बदलू नका. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर देताना पायात चमक जाते का? सकाळी जास्त की संध्याकाळी? वाकून केर काढताना की उभं राहून पोळ्या लाटताना? साठीच्या पुढचे काका म्हणाले की थोडं चाललं की पाय भरून येतात, तर पुढे विचारा, नुसतं उभं राहून बरं वाटतं की बसावं, वाकावं लागतं? बसल्या-वाकल्यावर आराम पडत असेल तर मणक्यातली जागा अरुंद झाल्याची शंका घ्या. नुसतं थांबून आराम पडत असेल तर पायाच्या नाड्या बोटाने चाचपा, कारण तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो.

यानंतर धोक्याची लक्षणं, आणि इथे घाई नको. लघवी अडकते का, लागल्याचं कळतं का, शौचावरचा ताबा सुटला आहे का, धुताना त्या जागी हात लागल्यावर नेहमीसारखं जाणवतं का, दोन्ही पाय एकदम लुळे वाटतात का. मुलगा किंवा सासूबाई शेजारी बसलेल्या असताना कुठलीही बाई याची खरी उत्तरं देणार नाही. नातेवाइकांना बाहेर बसायला सांगा, पडदा ओढा आणि सरळ शब्दात विचारा. यातला एखादा बिघाड नव्याने झाला असेल तर व्यायाम नाही, मशीन नाही. त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवा. मणक्याच्या खालच्या टोकाला असलेल्या शेपटीसारख्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असेल तर तासही महत्त्वाचे असतात.

पूर्वीचा कर्करोग, मोठी पडझड, बराच काळ चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हेही विचारा. आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची विचारावीच लागते, ती म्हणजे संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, घरात कुणाला झालेला क्षयरोग. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि मणक्याचा क्षयरोग कंबरदुखीच्या रांगेत गुपचूप उभा असतो.

तरीही एका लक्षणावरून कुणाला घाबरवू नका. ऑस्ट्रेलियात हेन्श्के आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कंबरदुखीने नव्याने आलेल्या १,१७२ रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांत निदान एक धोक्याचं लक्षण सापडलं. खरोखर गंभीर आजार निघाला फक्त ११ जणांना, त्यातले ८ फ्रॅक्चर. म्हणून वय, इतिहास आणि लक्षणांचा मेळ पाहा. सत्तरीच्या, स्टिरॉइड घेणाऱ्या, घरात पडलेल्या आजी आणि नुसती रात्री कंबर दुखणारा तिशीतला रिक्षावाला, दोघांनाही एकाच मापाने मोजायचं नाही.

आता टेबलावर. पायाच्या अंगठ्याची वर उचलण्याची ताकद दोन्ही बाजूंना एकाच वेळी तपासा; एल५ ची (कंबरेच्या पाचव्या मणक्याखालून निघणाऱ्या नसेची) कमजोरी बहुतेकदा इथेच आधी सापडते. पोटरीची ताकद मात्र हाताने ढकलून तपासू नका. तो स्नायू आपल्या हातापेक्षा बलवान आहे, एस१ (एल५ च्या खालची नस) कमजोर असली तरी आपल्याला ढकलून देईल. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाचा उचलायला लावा, पुन्हा पुन्हा, आणि दुसऱ्या पायाशी तुलना करा. मग हातोडीने गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका (रिफ्लेक्स), मग कापसाने स्पर्श. मावशी जाड मोजे घालून आल्या असतील तर काढायला लावा, घाईतही.

सरळ पाय उचलण्याच्या चाचणीवर थोडं थांबायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष निघतात. उताण्या झोपलेल्या रुग्णाचा पाय गुडघा न वाकवता उचलला, मांडीच्या मागे ओढ लागली आणि लगेच ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं, असं होतं. ओढ लागणं वेगळं. तीच ओळखीची कळ, गुडघ्याच्या खालपर्यंत आली पाहिजे. पाय थोडा खाली आणून पाऊल वर वळवल्यावर ती पुन्हा उठली तर नसेचा संशय वाढतो. आता आकडे बघा. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या), शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या रुग्णांत, या चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जणांत ती पॉझिटिव्ह येते) सुमारे ९२ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांत ती निगेटिव्ह येते) अवघी २८ टक्के होती. दुसरा, न दुखणारा पाय उचलून दुखऱ्या पायात कळ येते का हे पाहिलं तर आकडे उलटतात: संवेदनशीलता २८, विशिष्टता ९०.

याचा रोजचा अर्थ असा. बोलण्यावरून तुम्हाला नस दबल्याची शक्यता निम्मी वाटते आहे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती शक्यता ५० वरून साधारण ५६ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळजवळ होती तिथेच. निगेटिव्ह आली तर मात्र २२ पर्यंत उतरते. दुसऱ्या पायाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर ७४ वर चढते. अर्थात तुमच्या ओपीडीतले रुग्ण त्या अभ्यासातल्यांपेक्षा वेगळे असणार, आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत. पण कुठली चाचणी शंका फेडते आणि कुठली पक्की करते, हे कळल्याशिवाय ती करण्यात अर्थ नाही.

नसेची काहीच खूण नाही आणि दुखणं माकडहाडाच्या वर, एका बाजूला बोट ठेवता येईल असं आहे? तर सॅक्रोइलियाक सांध्याकडे, म्हणजे मणक्याचा खालचा भाग जिथे कंबरेच्या हाडाला जोडतो त्या सांध्याकडे, वळा. इथेही एकट्या चाचणीवर विसंबू नका. संशोधक लॅसलेट यांच्या २००३ आणि २००५ च्या अभ्यासांनी दाखवलं की सांधा ताणणाऱ्या-दाबणाऱ्या चाचण्यांचा संच घ्यावा आणि तीन किंवा जास्त चाचण्यांत ओळखीचं दुखणं उठलं तरच तो सांधा धरावा. त्याआधी पुन्हा पुन्हा मागे वाकवून किंवा पुढे वाकवून कळ पायातून कंबरेच्या मध्याकडे सरकते का ते पाहा. सरकत असेल तर सांध्याचा विषय तिथेच मिटला, आणि उपचाराची दिशाही हाती आली.

हे झालं की पाकीट उघडा. अंगठा कमजोर डावा आणि रिपोर्टात नस दबलेली उजवी, असं असेल तर रिपोर्टाच्या ओळीवर उपचार करू नका.

फाइल बंद करण्याआधी रुग्णालाच विचारा की कुठली तीन कामं अडली आहेत. मावशी सांगतील: क्रेट उचलणं, मुलाच्या गाडीवर मागे बसणं, देवळात मांडी घालणं. प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायला सांगा. पुढच्या वेळी एखाद-दुसरा गुण वाढला तर फार हुरळू नका, तीनही कामांची सरासरी निदान दोन गुणांनी वर यायला हवी. कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात हे मोजणाऱ्या मराठी ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीची विश्वासार्हता तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, ती वापरा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. ‘वाकले तर मणका तुटेल’ अशी भीती मनात असेल तर तीही तपासणीचाच भाग आहे. कील विद्यापीठाची स्टार्ट बॅक ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली दुखणं लांबण्याचा धोका जोखताना अशी भीतीही टिपते, आणि २०११ मध्ये ८५१ रुग्णांवरच्या चाचणीत तिच्या आधाराने गट पाडून केलेले उपचार नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरले.

पुढची तारीख आठवड्याच्या आतली द्या. घरी जाताना सांगा की पाऊल घसटायला लागलं किंवा लघवीत बदल झाला तर तारखेची वाट पाहायची नाही. त्या आल्या की दुखणं किती कमी झालं हे विचारायच्या आधी अंगठ्याची ताकद पुन्हा तपासा. ती उतरली असेल तर दुखणं कमी झालेलं असलं तरी सर्जनला चिठ्ठी लिहा.