मुलाच्या ऑपरेशननंतर दुखणं वाढवणाऱ्या या चुका टाळा

हर्निया, हायड्रोसील, सुंता अशा कमरेखालच्या ऑपरेशनला मूल पूर्ण भुलेत गेलं की भूलतज्ज्ञ बरेचदा माकडहाडापाशी एक इंजेक्शन देतात. हा कॉडल ब्लॉक. शुद्धीवर आलेलं मूल मग मजेत बिस्कीट मागतं, कारण खालचा भाग बधिर असतो. आईबाप इथेच फसतात.

‘दुखत नाही ना, मग औषध कशाला?’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नुसत्या बुपिव्हॅकेनचा (हे बधिर करणारं औषध) ब्लॉक साधारण 4 ते 6 तास टिकतो. धुळ्याहून दुपारी सुट्टी घेऊन शिरपूरच्या पुढच्या पाड्याकडे निघालात, तर तो एसटीतच उतरायचा. दुखणं एकदा चढलं की पॅरासिटामॉलच्या सिरपला गुण यायला अर्धा तास तरी लागतो, आणि रडणारं पोर ते धड गिळतही नाही. म्हणून ब्लॉक उतरायच्या आधीच पहिला डोस द्या. पुढचे डोस पहिला दिवसभर घड्याळ बघून. रडण्याची वाट बघू नका.

घड्याळ लावायचं तर ब्लॉक किती वाजता दिला आणि त्यात काय मिसळलं, हे कळायला हवं. आराम लांबवायला भूलतज्ज्ञ त्यात क्लोनिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीन मिसळतात, किलोमागे साधारण 1 ते 2 मायक्रोग्रॅम. त्याने आणखी काही तास मिळतात, पण मूल जास्त झोपाळू होतं, नाडी आणि बीपी उतरू शकतं. मॉर्फिन मिसळलं असेल तर श्वास काही तासांनी मंदावण्याचा धोका असतो, त्यामुळे ती रात्र दवाखान्यातच काढावी लागते. ‘शेजारच्या पोराला रात्रभर दुखलं नाही, तेच टाका’ असा हट्ट धरू नका. काही महिन्यांच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तेच औषध जड जाऊ शकतं.

आता बाटली. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे 10 किलोच्या मुलाला 150. 5 मिलीत 125 असलेल्या सिरपचे ते 6 मिली, 250 वाल्याचे 3 मिली, आणि 1 मिलीत 100 असलेल्या ड्रॉप्सचे दीडच मिली. गावच्या मेडिकलवर बाटली बदलून मिळाली आणि माप जुनंच ठेवलं, तर डोस दुप्पट-चौपट, नाहीतर निम्मा-पाव. दोन डोसांत 6 तास ठेवा. त्यातच सर्दीतापाचं सिरप देऊ नका; त्यातही बहुधा पॅरासिटामॉलच असतं. घरात उरलेली निमेसुलाइड ही ताप-दुखण्याची गोळी तर नकोच, 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ती भारतात 2011पासून बंद आहे.

आजीचा शेकही त्या दिवशी नको. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच लक्षात येतं. पायांत जोर येईपर्यंत मुलाला एकट्याने उभं करू नका.

औषध देऊनही रडतंय? आधी भूक, घट्ट पट्टी आणि लघवी बघा. ब्लॉकनंतर लघवी कधी कधी अडते. गप्प पडून राहणारं, पाय पोटाशी घेणारं मूलही दुखण्यातच असू शकतं. 8 तास लघवी नाही, सांगितलेली वेळ उलटूनही पाय हलत नाहीत, तर लगेच फोन करा. हाक मारून मूल जागं होत नसेल, श्वास मंद वाटला किंवा ओठ निळसर दिसले, तर फोनवर विचारत बसू नका, 108ला बोलवा.