लाकडी माइनस्वीपरचे प्रात्यक्षिक मॉडेल कसे तयार करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दुसरे महायुद्ध म्हटले की मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान आठवतात. पाणसुरुंग काढून बंदरांच्या वाटा मोकळ्या ठेवणारी छोटी जहाजे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांचे काम करून दाखवणारे मॉडेल मांडायचे असेल, तर आधी जहाज विचारपूर्वक निवडावे. रॉयल इंडियन नेव्हीत ‘कोकण’ आणि ‘कर्नाटिक’ या नावांचे बँगोर वर्गातील माइनस्वीपर (सुरुंग काढणारी जहाजे) होते आणि आपल्या मुलांना ती नावे साहजिकच जवळची वाटतील. तरीही ती पोलादी जहाजे होती, आणि येथे जे दाखवायचे आहे ते लाकडी बांधणीशिवाय दाखवता येत नाही. म्हणून अमेरिकी आरमाराचे वायएमएस (यार्ड माइनस्वीपर) हे लाकडी जहाज घ्यावे, असे माझे मत आहे.

लाकडाचे कारण मुलांना पहिल्या दिवशीच सांगावे. पोलादी जहाज जवळ आले की चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल ओळखून फुटणारे सुरुंग जर्मनीने १९३९ मध्ये ब्रिटिश किनाऱ्यावर टाकले. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी इंग्लंडमधील शूबरीनेस येथील चिखलात सापडलेला असा एक सुरुंग ब्रिटिश आरमाराचे लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी यांनी जिवावर उदार होऊन निकामी केला, आणि त्याची रचना हाती आली. त्यानंतर सुरुंग काढणारे जहाज शक्य तितके लोखंडमुक्त असणे ही निकडीची गरज ठरली. अमेरिकेने आपल्यासाठी ४८१ आणि ब्रिटनसाठी ८० वायएमएस बांधली, आणि त्यांतली कितीतरी यॉट बांधणाऱ्या लहान कारखान्यांत तयार झाली. समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांचे ‘कॅलिप्सो’ हे त्या ८० जहाजांपैकीच एक होय.

मूळ जहाजाची लांबी १३६ फूट, रुंदी साडेचोवीस फूट आणि वजन सुमारे २७० टन होते. १:४८ या प्रमाणात मॉडेल सुमारे ८६ सेंटिमीटर लांब आणि साडेपंधरा सेंटिमीटर रुंद होईल. वजन मात्र ४८ च्या घनाने भागावे लागते, म्हणून तयार मॉडेल भरतीसह (तळाशी ठेवलेल्या वजनासह) सुमारे २.४ किलो भरले तरच ते योग्य रेषेपर्यंत पाण्यात बसेल. धडासाठी शिवणीचे लाकूड उत्तम, कारण ते हलके असून कोरायला सोपे जाते. फळ्यांचे थर आतून पोकळ कापून मगच एकमेकांवर चिकटवावेत. नेहमीचा पांढरा गोंद पाण्यात टिकत नाही. त्याऐवजी इपॉक्सी वापरावे. खानापूरकडच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते, म्हणून काम दसऱ्यानंतर सुरू केलेले बरे. गुऱ्हाळ पेटण्यापूर्वी रिकामी काहील मिळाली, तर तरंगण्याची पहिली चाचणी तिच्यात छान होते. भरतीसाठी बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीतून लोखंडाचे तुकडे सहज मिळतील, परंतु ते अजिबात वापरू नयेत. शिसेच वापरावे आणि खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू घ्यावेत.

पुढची तोफ आणि जहाज चालवण्याची खोली (ब्रिज) यांवर मुले फार वेळ घालवतात. मला विचाराल तर सर्वांत अधिक कष्ट मागच्या डेकवर घ्यावेत, कारण जहाजाचे खरे काम तेथेच चालत असे. तेथे तार सोडण्याचे विंच, केबलचे मोठे रीळ आणि अवजारे बाहेर टाकण्याचे डेव्हिट हवेत.

दोरीने तळाशी बांधलेल्या सुरुंगांसाठी ओरोपेसा पद्धत होती. जहाजामागे तार सोडली जाई. जहाजाजवळची ‘काइट’ ही पात्यांची चौकट तिला खाली दाबून ठेवी, टोकाची तशीच चौकट म्हणजे ‘ऑटर’ तिला बाजूला ओढी आणि त्यावरचा तरंगता फ्लोट खोली सांभाळी. कुळवाची फास मातीखालून तणाची मुळे कापते, तशी ही तार सुरुंगाची दोरी पाण्याखाली कापी. मोकळा सुरुंग वर आला की त्यावर गोळ्या झाडत. मॉडेलमध्ये दगडाला सुती धाग्याने पोकळ चेंडू बांधावा आणि तारेच्या टोकाला, ऑटरजवळ, अर्धे ब्लेड मोठ्यांनीच बसवून द्यावे. टबात ऑटरला पुरेशी धाव मिळत नाही, म्हणून हा भाग शेततळ्यात मॉडेल दोरीने ओढून दाखवावा. तेथील प्लॅस्टिक निसरडे असते, मोठी माणसे सोबत हवीतच.

चुंबकीय भाग प्लॅस्टिकच्या टबात करावा; काहील लोखंडी असल्याने होकायंत्र फसते. ब्लेडची तारही आधी काढून ठेवावी. समुद्रात दोन जहाजे शेजारी शेजारी चालत, मागे तरंगत्या केबल सोडत आणि खाऱ्या पाण्यातून विजेचे झटके देत. आपल्या गोड्या पाण्यात ते जमत नाही. त्याऐवजी वार्निश केलेल्या तांब्याच्या तारेचे वीस वेढे असलेले लांबट कडे मॉडेलमागे तरंगवावे आणि दोन सेल, टॉर्चचा बल्ब व बटण जोडावे. कड्याची एक लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवून तिच्या बरोबर खाली, टबाच्या तळाशी होकायंत्र ठेवावे आणि पाणी मॉडेल तरंगेल इतकेच घ्यावे. बटण दाबताच सुई फिरते: सुरुंग येथेच फुटला असता, आणि जहाज तोवर पुढे गेलेले असे. त्यानंतर त्याच होकायंत्रावरून आधी लाकडी मॉडेल आणि मग पत्र्याचा डबा न्यावा.

प्रेक्षक विचारतील की मग लाकडी जहाज निर्धोक होते का. तसे नव्हते. इंजिन, तोफा आणि नांगर लोखंडीच होते, म्हणून जहाजाभोवती विरोधी चुंबकत्वाच्या तारा गुंडाळाव्या लागत. आवाजाने फुटणाऱ्या सुरुंगांसाठी पाण्याखाली हातोडा वाजवत. पण १९४४ मध्ये नॉर्मंडीजवळ आलेल्या, पाण्याच्या दाबातील फरकाने फुटणाऱ्या सुरुंगांवर यांपैकी कोणताच उपाय चालला नाही, आणि जहाजांना वेग कमी ठेवूनच जावे लागले.