जुन्या संदुकीवर घराची ओळख रंगवताना

नागपुरात महाल किंवा इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांमधील घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली अनेकदा एखादी लोखंडी संदूक असते. ती कुणाच्या लग्नात आलेली असते, किंवा बदलीच्या नोकरीत कुणीतरी गावोगाव बरोबर नेलेली असते. अशी संदूक रोजच्या वापरात आणण्यासाठी रंगवायची असेल, तर तिच्यावर काय काढायचे हे रंग विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.

वारली आकृत्या, मोर किंवा तयार स्टेन्सिलमधील वेलबुट्टी संदुकीवर शोभून दिसते, पण जे चित्र शेजाऱ्यांच्या संदुकीवरही तितकेच चालले असते ते आपल्या घराबद्दल काहीच सांगत नाही, असे माझे मत आहे. त्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांना या संदुकीत काय ठेवले जायचे, ती कुठून आली आणि तिच्याबरोबर कोण आले, हे विचारावे. आजोबा नागपूर-छिंदवाडा छोट्या लाईनवर (नॅरोगेज रेल्वेवर) कामाला असतील, तर 2015 मध्ये बंद झालेल्या त्या गाडीचे इंजिन संदुकीवर यावे. घर विणकराचे असेल, तर करवतकाठी साडीच्या काठावरचे दाते झाकणाच्या चारही कडांनी फिरवता येतात आणि निराळ्या नक्षीची गरजच उरत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी घरातील कुणी दीक्षाभूमीवर उपस्थित असेल, तर ती तारीख ठळक अंकांत लिहिणे पुरेसे आहे. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असलेल्या कुटुंबाने पाटीवरचे गुळगुळीत संत्रे काढण्याऐवजी आपली बाग अंबिया बहराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी) होती की मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी), हे आठवून फुलोरा काढावा; बाहेरच्याला तो फरक कळणार नाही, पण घरच्यांना कळेल. एका संदुकीला अशी एकच खूण पुरते.

संदुकीवर आधीपासून पांढऱ्या अक्षरांत मालकाचे नाव किंवा गाव लिहिलेले असेल, तर तेवढा भाग मास्किंग टेपने झाकून तसाच ठेवावा. पोचेही लांबी (पुट्टी) भरून सपाट करू नयेत, कारण नवी कोरी दिसणारी संदूक बाजारात केव्हाही मिळते.

त्यानंतर पूर्वतयारी करावी. संदूक साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि गंजलेला भाग तारेच्या ब्रशने साफ करावा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते; घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. तोंडाला मास्क लावून वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला गाळ पुसून बाहेर टाकावा. साध्या लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर मात्र तेलाच्या रंगाची जस्ताशी प्रक्रिया होऊन तो काही महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे दुकानात पत्रा कोणता आहे हे सांगून त्यासाठीचा वेगळा प्रायमर मागावा.

नागपूरच्या हवेत हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करणे सर्वांत सोयीचे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना रंग ब्रशखालीच सुकू लागतो आणि फटकारे उमटून राहतात. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही आणि त्यावरची चमकही मंदावते. कोणत्याही ऋतूत उन्हात रंगवू नये. एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत आणि दोन्हींच्या मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा.

चित्र आधी कागदावर पूर्ण आकारात काढावे, कागदाच्या मागच्या बाजूला खडू घासावा आणि तो संदुकीवर चिकटवून पेन्सिलीने गिरवावा, म्हणजे फिकी रेघ उमटते. ओला रंग चुकला तर टर्पेंटाइनच्या फडक्याने लगेच पुसता येतो. अक्षरे लिहिताना प्रथम खडूची दोरी ताणून शिरोरेषा आखावी आणि अक्षरे तिच्यापासून खाली उतरवावीत. खालच्या रेषेवर बसवत गेल्यास ओळ हमखास वाकडी होते. (पाट्या रंगवणारे जुने पेंटर अजूनही शहरात आहेत. हात स्थिर नसेल तर अक्षरांपुरते त्यांना बोलवावे, त्यात कमीपणा नाही.)

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला वेगळा नियम लावावा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेल्या या सणात मुले आपला बैल सजवून दारोदार नेतात, आणि बहुतेक घरांत तोच बैल दरवर्षी नव्याने रंगतो. रंगवताना पोटाखालचा हातभर नव्हे, बोटभर भाग दरवर्षी मोकळा ठेवावा आणि तिथे सन व मुलाचे नाव लिहावे. धाकट्या भावंडाकडे बैल गेला की ही यादी पुढे वाढते.

स्वयंपाकघरातील भांड्यांना मात्र रंग लावू नये. डबा, तांब्या किंवा परात यांवर नाव कोरून घेण्याची आपली पद्धत पुरेशी आहे आणि इतवारीतील भांड्यांच्या दुकानांत हे काम होते. नुसत्या आडनावापेक्षा कुणी, कुणाला, कोणत्या निमित्ताने आणि केव्हा दिले, इतका मजकूर कोरावा. काठाजवळची जागा निवडावी, कारण बुड घासण्याने आणि चुलीने लवकर झिजते. कोरलेले अक्षर खोडता येत नाही, म्हणून मजकूर तोंडी न सांगता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्यावा आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासून घ्यावेत.