बेळगावच्या सांबरा विमानतळाहून सोलोला निघण्याआधी: जीपीएस आणि रेडिओची तयारी

सोलो म्हणजे एकट्यानं करायचं उड्डाण. त्याच्या आदल्या संध्याकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचताना धावपट्टीपाशीच थांबू नका, जीपीएसबद्दल काही सूचना आहे का तेही बघा. कागदी नकाशावर हिडकल धरणाचं पाणी आणि पुणे-बंगळूर हायवे पेन्सिलीनं ठळक करा. जीपीएसचा पडदा कोरा झाला तर वाट तेच दाखवतील.

सकाळी विमान हँगरच्या पत्र्याखालून उघड्यावर काढा. अँटेनाला तडा आहे का बघा. आपल्याकडच्या पावसानंतर तर बघाच, कारण जोडात पाणी शिरतं. जोड उघडायचं काम मात्र इंजिनिअरचं.

आता खरी गोष्ट. उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर वर आणि त्यांचा 1575.42 मेगाहर्ट्झचा सिग्नल इतका क्षीण, की त्याला दाबायला बाहेरचा जॅमर लागत नाही. खिशातला स्वस्त यूएसबी चार्जर, काचेला चिकटवलेला कॅमेरा पुरतो. (रीलचा मोह सोलोला तरी आवरा.) म्हणून आधी सगळं बंद करून जीपीएसच्या उपग्रह-पानावरचे सिग्नलचे बार टिपून घ्या, मग एकेक वस्तू चालू करून थोडं थांबा. कुठल्या वस्तूला बार खाली येतात ते कळेल. गगन (जीपीएस अधिक अचूक करणारी भारताची उपग्रह-यंत्रणा) हीही त्याच फ्रिक्वेन्सीवर असल्यानं तिथं सुटका नाही. रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा ठेवून हीच फेरी पुन्हा करा, आणि रनअपमध्ये (उड्डाणाआधी इंजिन वाढवून तपासताना) कान द्या: आरपीएमबरोबर चढणारी कुई बहुतेक अल्टरनेटरची, कडकड मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग).

आपलाच रेडिओही चोर असू शकतो, कारण बोलताना तो आपल्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही थोडी लहर सोडतो. 121.150 मेगाहर्ट्झला 13 नं गुणा, 1574.95 येतात, 131.250 ला 12 नं गुणा, 1575. दोन्ही जीपीएसच्या 1575.42 च्या दारात. नवीन रेडिओ किंवा अँटेना बसवली असेल तर इन्स्ट्रक्टर सोबत घेऊन, टॉवरला विचारून, या दोन आणि त्यांच्या शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर अर्धा-अर्धा मिनिट पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून बार बघा. बार पडले तर ईएलटीची (अपघातात संकटाचा संदेश देणाऱ्या ट्रान्समीटरची) अँटेनाही तपासायला सांगा. ती रेडिओची लहर उचलून पुन्हा फेकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

टेकलॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) फ्रिक्वेन्सी, आरपीएम आणि त्या वेळी काय काय चालू होतं ते लिहा. नुसतं 'जीपीएस कधीकधी जातं' लिहिलंत तर इंजिनिअर सगळं बंद ठेवून बघणार, आणि त्याला काहीच सापडणार नाही.